निव्वळ सतरा

टगमास्तर आपल्या व्याह्यांना पाण्यात पाहत, आणि ह्यात अतिशयोक्तीचा अंशही नव्हता, कारण व्याही खरोखरच पाण्यात होते. टगमास्तरांच्या बोटीपासून, पाण्यावर चालता आलं असतं तर, तीस पावलांवर त्यांची बोट नांगर टाकून उभी होती. सकाळी दात घासायला बाहेर यावं तर समोर व्याही दात घासताहेत. संध्याकाळी चहाचा कप घेऊन मागच्या बाकावर टेकावं तर समोर व्याही, खुर्चीत, चहाचा कप घेऊन. त्यापेक्षा आरसा बरा, असं टगमास्तर म्हणत. त्यात निदान ओळखीचं तोंड दिसतं.

टगमास्तरांनी एकतीस वर्षं बंदरात टग चालवला होता. चार-चार मजली जहाजांना कानाला धरून धक्क्याशी आणून उभं करायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर त्यांनी जमिनीवरच्या घरात राहून पाहिलं, पण फरशी हलत नाही म्हणून त्यांना मळमळायला लागलं. शेवटी त्यांनी एक जुनी प्रवासी बोट घेतली, बाकडी उखडून त्यात एक पलंग, एक स्टोव्ह आणि भिंतीला दुमडणारं टेबल बसवलं, आणि बंदराच्या तोंडाशी, उथळ पाण्यात नांगर टाकला. बायकोनं हरकत घेतली नाही. ती एवढंच म्हणाली, "एकतीस वर्षं तुम्ही कुठे असता ते मला कधी कळलं नाही. आता पंचवीस हात बोटीत असाल. सापडाल तरी."

जागा कुणाला आवडावी अशी नव्हती. एका अंगाला मोठ्या जहाजांचा रस्ता. जहाज जायला लागलं की खिडकीत उजेडाऐवजी लोखंड यायचं आणि दहा मिनिटं जायचं नाव घ्यायचं नाही. जहाजांना वाट दाखवणाऱ्या पायलटची लाँच दिवसातून आठ वेळा मुद्दाम जवळून जायची आणि तिच्या लाटेनं टेबलावरचा चहा टगमास्तरांच्या मांडीवर यायचा. दुसऱ्या अंगाला सिमेंट उतरवायचा धक्का. वाळत घातलेला पांढरा शर्ट दुपारपर्यंत करडा होई आणि भिजला तर घट्ट होई. पण खाली वाळूचा उंचवटा होता, नांगर छान धरायचा आणि जहाज अंगावर येण्याची भीती नव्हती. एका बोटीपुरती जागा उत्तम होती.

दुसरी बोट आली ती टगमास्तरांच्याच तोंडामुळे. व्याही म्हणजे त्यांच्या मुलीचे सासरे. ते चौतीस वर्षं बंदराच्या फाटकावर ट्रकच्या वजनकाट्यावर होते. भरलेला ट्रक आला की वजन, रिकामा परतला की वजन, भरल्यातून रिकामा वजा, निव्वळ मालाची चिठ्ठी, सही, शिक्का. हा माणूस जन्मात जागचा हलला नाही, उलट जगच त्याच्याकडे येऊन तोलून गेलं, असं टगमास्तरांचं मत होतं. मुलीच्या घरी एकदा जेवताना, पानावर बसल्यावर माणूस जसं काहीबाही बोलतो तसं, ते बोलून गेले, की व्याहीबुवा, निवृत्त झालात की या आमच्या शेजारी.

व्याही कागदावरचं जसं शब्दशः घेत तसंच तोंडचंही घेत. त्यांनी जप्तीतली एक बोट लिलावात घेतली. तिचं इंजिन चालू होत नव्हतं, पण त्यांना कुठे जायचंच नव्हतं. विहीणबाई मात्र मुलाकडे जमिनीवरच राहिल्या. समुद्र लागतो, असं त्या सांगत. व्याही जमिनीवर असतानाही त्यांना तो लागत असे, असं टगमास्तरांची बायको म्हणे.

आल्या दिवशी व्याह्यांनी विचारलं, की नांगर कुठे टाकू. टगमास्तर म्हणाले, शंभर पावलं लांब. व्याह्यांनी अंतर डोळ्यानं मोजलं. तो डोळा चौतीस वर्षं काट्यावर उभ्या असलेल्या ट्रकवर पोसलेला. त्यांनी नांगर टाकला तो जवळजवळ टगमास्तरांच्या नांगराच्या डोक्यावर. टगमास्तरांनी त्यांना समजावलं, की पाण्यावर एक रीत असते: मागून येईल त्यानं लांब राहायचं. व्याह्यांनी विचारलं, की हे लेखी कुठे आहे. लेखी कुठेच नव्हतं.

"मग तशी नोंद नाही," व्याही म्हणाले आणि खुर्ची मांडून बसले.

तेव्हापासून युद्ध होतं, पण ते लढायचं अहो-जाहोतून, हीच त्यातली मोठी अडचण. मुलीच्या सासऱ्याला शिवी देता येत नाही. टगमास्तर तोंड उघडत आणि बाहेर पडे ते "व्याहीबुवा, आपल्या रेडिओचा आवाज जरा..." असलं काहीतरी मऊ. मग ते खाली जाऊन उशीला दोन गुद्दे घालत. उत्तरादाखल धुकं पडलं की ते घंटा वाजवत. धुक्यात घंटा वाजवायचा नियम होताच. तो लेखीही होता. फक्त अर्धा तास वाजवा असं त्यात कुठे म्हटलेलं नव्हतं. व्याह्यांनी त्यावर बंदराच्या ऑफिसात अर्ज केला. टगमास्तरांनी व्याह्यांच्या अर्जावर अर्ज केला. दोन्ही अर्ज एकाच टेबलावर जात, आणि त्या टेबलामागे जावईबापू बसत. एकाचे चिरंजीव, दुसऱ्याचे जावई. ते दोन्ही अर्ज एकाच फाइलीला लावत आणि घरी जाऊन पडून राहत.

पण ह्या सगळ्यापेक्षा टगमास्तरांना खुपे ते व्याह्यांचं तोंड. त्या तोंडावर काही नसे. राग नाही, कुत्सितपणा नाही. काट्यावर ट्रक चढताना माणूस जसा पाहतो तसं ते पाहत: ही गाडी आली, आता हिचं वजन किती.

त्यावर टगमास्तरांनी एक उपाय काढला. नांगरलेली बोट एका जागी उभी राहत नाही. भरतीला तिचं तोंड एकीकडे, ओहोटीला दुसरीकडे; साखळीच्या टोकाला ती दाव्याला बांधलेल्या गुरासारखी फिरते. मध्ये थोडा वेळ पाणी उभं राहतं आणि बोटीला कळत नाही, की डावीकडून वळावं का उजवीकडून. नेमक्या त्या वेळी टगमास्तर लहान होडीत उतरत, होडीचं नाक बोटीच्या कुशीला लावत आणि वल्ही मारून बोटीला उजवीकडून ढकलत. उजवीकडून वळली की मागचा बाक समुद्राकडे जाई आणि चहा सुखानं पिता येई. पाणी परत फिरलं की उरलेला वळसा बोट आपसूक पुरा करी. हे ते दिवसाउजेडी पाणी उभं राहिलं की न चुकता करत.

बायकोनं एकदा विचारलं, की हे रोज काय चाललंय. खरं सांगावं तर ते मुलीच्या कानावर जाणार, मुलीकडून जावईबापूंच्या, आणि पुढचं टगमास्तरांना बघायचं नव्हतं. ते म्हणाले, "साखळीला रोज एक वळसा द्यावा लागतो. नाहीतर गंज एकाच अंगाला धरतो." बायकोला ते पटलं. गादीही आपण उलटीपालटी करतोच.

आणि मग नोटीस आली. ती जावईबापूंनी स्वतः होडीतून आणून दिली, कारण टपाल पाण्यावर येत नाही. दोन बोटींच्या मध्ये होडी थांबवून त्यांनी "बाबा" अशी हाक मारली. ते दोघांनाही बाबाच म्हणत. त्यामुळे दोघांनीही, दुसऱ्याला असेल असं समजून, मान वर केली नाही. शेवटी त्यांनी ती मोठ्यानं वाचली. सदर ठिकाणी गाळ उपसण्याचे काम सुरू होत असल्याने तेथील बोटींनी येत्या गुरुवारी दुपारी बाराच्या आत नांगर उचलून पलीकडच्या खाडीत जावे. बारानंतर जागेवर आढळलेली बोट टगने ओढून भंगाराच्या आवारात जमा करण्यात येईल व तिच्या झालेल्या अवस्थेस कार्यालय जबाबदार राहणार नाही.

"सही साहेबांची आहे," जावईबापू म्हणाले. "भाषा तेवढी माझी."

टगमास्तरांना चिंता नव्हती. त्यांचं इंजिन शिवणयंत्रासारखं चाले. नांगर उचलायचा आणि खाडीत जायचं, तासाभराचं काम. खरा आनंद त्यांना वेगळाच होता: व्याह्यांचं इंजिन चालत नव्हतं. व्याह्यांनी आपली बोट ओढून न्यावी म्हणून ऑफिसात अर्ज केला होता आणि अर्ज विचाराधीन होता. म्हणजे व्याह्यांना दोर मागावा लागणार. टगवाल्यांत एक शिस्त असते. कितीही मोठं जहाज कितीही अडचणीत असो, त्यानं मागितल्याशिवाय टगवाला दोर टाकत नाही. एकतीस वर्षांत टगमास्तरांनी न मागता कुणाला दोर टाकला नव्हता. आठवडाभर ते व्याह्यांनी मागायची वाट बघत राहिले. आरशासमोर उभं राहून, कितव्या विनंतीला हो म्हणायचं तेही ठरवून झालं. व्याह्यांनी मागितला नाही. ते खुर्चीत बसून होते.

गुरुवार उजाडला. आठ वाजता टगमास्तर बोटीच्या पुढच्या टोकाला गेले आणि साखळी गुंडाळायचा रहाट फिरवायला लागले. साखळी थोडी आली आणि अडली. आणखी जोर केला तशा दोन्ही बोटी हातभर अंतरावर सरकल्या आणि पाण्यातून वर आला तो दोन साखळ्यांचा पीळ. त्यांची जाड साखळी आणि व्याह्यांची बारीक, एकीत एक, बायकोच्या वेणीसारखी घट्ट घातलेली, खाली गढूळ पाण्यात दिसेनाशी होईपर्यंत.

टगमास्तरांनी पहिल्याच नजरेत पीळ कुठल्या बाजूचा आहे ते ओळखलं. त्यांची साखळी लांब, व्याह्यांची आखूड. दोन्ही नांगर एकाच जागी. लांब साखळीची बोट एकाच बाजूनं फिरत राहिली, की ती आखूडवालीच्या भोवती फिरते आणि दर फेरीला एक पीळ पडतो. हे टगच्या परीक्षेत पहिल्याच दिवशी शिकवतात. टगमास्तर स्वतः ते नव्या पोरांना शिकवत आले होते. ही वेणी त्यांनी, एकट्यानं, होडीतून ढकलून ढकलून घातली होती, चहा पिताना एक तोंड दिसू नये म्हणून.

नांगर सोडून द्यावा म्हटलं तर दुसरा नांगर नव्हता, आणि नांगराशिवाय बोटीत राहणं म्हणजे ओहोटीबरोबर जहाजांच्या रस्त्यात जाऊन झोपणं. साखळी कापावी म्हटलं तर बोटीत होती ती करवत पाइप कापायची. संध्याकाळ झाली असती. बारा वाजता टग येणार होता आणि पलंग, स्टोव्ह आणि दुमडतं टेबल भंगाराच्या आवारात जाणार होतं. अशा वेळी माणूस जे करतो ते त्यांनी केलं.

"व्याहीबुवा," ते ओरडले, "बघा आपल्या साखळीनं काय करून ठेवलंय."

व्याही उठले नाहीत. त्यांनी नीट पाहून घेतलं आणि विचारलं, की हे कशानं होतं. टगमास्तर म्हणाले, की बोट एकाच बाजूनं सारखी फिरली तर. व्याही आत गेले आणि प्लास्टिकच्या पिशवीत काही घालून ती आकड्याच्या काठीच्या टोकाला अडकवून त्यांनी पुढे केली. पिशवीत चिठ्ठ्या होत्या. वजनकाट्याच्याच, उरलेल्या वहीतल्या. चौतीस वर्षं समोरून जाईल त्या गाडीची चिठ्ठी फाडायची सवय. इथे समोर एकच गाडी होती. प्रत्येक चिठ्ठीवर तारीख, वेळ, आणि बहुतेकींवर सुवाच्य अक्षरात: मास्तरांची बोट, होडीने ढकलून, उजवीकडून एक फेरी. खाली सही.

टगमास्तरांनी त्या एकेक करून वाचल्या. आपल्या पापाचा पाढा इतक्या चांगल्या अक्षरात त्यांनी कधी पाहिला नव्हता.

"उजवीकडून एकूण तेवीस," व्याही म्हणाले. "वाऱ्याने आपोआप उलट गेल्या त्या सहा. तेविसातून सहा वजा. निव्वळ सतरा."

बायको स्टोव्ह पुसत होती. ती मान वर न करता म्हणाली, "गंजाचं काम व्याहीबुवा पण बघत होते म्हणायचे."

करायचं काय ते टगमास्तरांना माहीत होतं. व्याह्यांच्या बोटीला मध्ये ठेवून डावीकडून सतरा फेऱ्या घालायच्या. कमी पडली तर साखळी सुटणार नाही. एक जास्त झाली तर दुसऱ्या बाजूनं पीळ बसेल. पाणी इतकं गढूळ की खाली किती उरले ते दिसायचं नाही. म्हणजे मुलाच्या बापाभोवती फेऱ्या घालायच्या त्या घालायच्याच, वर त्याच्याच आकड्यावर भरवसा ठेवायचा. आणि आकडा त्यानं मुद्दाम चुकीचा दिला असेल तर? टगमास्तरांनी स्वतःला विचारलं, की त्याच्या जागी आपण काय केलं असतं. उत्तर त्यांना आवडलं नाही.

साडेनऊला इंजिन सुरू झालं. व्याह्यांनी खुर्ची बरोबर मध्ये मांडली आणि ती एकदाही वळवली नाही. त्यामुळे टगमास्तरांना आधी ते तोंड दिसे, मग एक कान, मग टक्कल, मग दुसरा कान, की पुन्हा तोंड. तोंड आलं की तोंड म्हणे, "तीन." मग, "चार." सहाव्या फेरीला पायलटची लाँच शेजारून गेली आणि लाँचवाल्यानं विचारलं, की मास्तर, कसला नवस फेडताय. टगमास्तरांनी त्याला जे उत्तर दिलं ते अहो-जाहोत नव्हतं. वर्षभर तुंबलेलं सगळं त्या गरिबाच्या वाट्याला गेलं.

पुढे एका फेरीला व्याही म्हणाले, "अकरा."

"बारा," टगमास्तर म्हणाले.

"अकरा. बारावी अजून काट्यावर आलेली नाही."

टगमास्तरांनी बायकोकडे पाहिलं. तिनं ओट्यावर फेरीगणिक एक आगपेटीची काडी मांडली होती. काड्या अकरा होत्या. ही आपल्या बाजूची असून, असं टगमास्तरांच्या मनात आलं, आणि ते मुकाट बारावीला लागले.

अकरा वाजून पस्तीस मिनिटांनी व्याह्यांनी सतरा म्हटलं, सतरावी चिठ्ठी फाडली आणि पेनाला टोपण लावलं. टगमास्तर धावत पुढे गेले. रहाट फिरवला. साखळी झरझर आली, आली, आणि खाडकन अडली. पाण्याच्या पार खाली, शेवटचा एक वेढा दोन्ही साखळ्यांना मिठी मारून बसला होता. हा मुळातलाच एक उरला होता, की एक फेरी जास्त होऊन उलट्या बाजूचा नव्यानं बसला होता, हे हाताला कळत नव्हतं. एक फेरी डावीकडून की उजवीकडून? चुकली तर दोन पीळ, आणि दोन सोडवायला वेळ नव्हता. लांबून, सिमेंटच्या धक्क्यामागून, टगचं इंजिन ऐकू यायला लागलं. तो त्यांचाच टग होता. तो आवाज त्यांनी झोपेतही ओळखला असता.

"व्याहीबुवा," टगमास्तर म्हणाले, आणि ह्या वेळी त्यांनी आवाज चढवला नाही, "आपली चिठ्ठी खोटी आहे."

व्याही खुर्चीतून उठले. ते उभे राहिले की बरेच उंच आहेत हे टगमास्तरांच्या पहिल्यांदाच लक्षात आलं.

"चौतीस वर्षांत एकानं मला खोटं म्हटलं होतं," व्याही म्हणाले. "ट्रकवाला होता. म्हणाला, माल एवढा नाही, तुझा काटा खोटा. मी त्याचा ट्रक परत काट्यावर घेतला. वजन तेच. मग ताडपत्री उचलून बघितली. मागे मालावर त्याची बायको झोपली होती. ती त्यानं धरलीच नव्हती. तुम्ही आपल्या बोटीत बघा, मास्तर. माझ्याकडे बघू नका."

टग धक्क्याला वळसा घालून दिसायला लागला होता. बायकोनं हातातलं फडकं खाली ठेवलं.

"अहो," ती म्हणाली, "एक माझा आहे."

टगमास्तर रहाट सोडून तिच्याकडे वळले.

"जावईबापू तुम्हाला त्यांच्या होडीतून दाढ काढायला घेऊन गेले होते ना, तो बुधवार. पाणी उभं राहिलं. म्हटलं, हे रोज एवढं जपतात, एक दिवस चुकला तर गंज धरायचा. मीच होडीत उतरले आणि दिली ढकलून."

"कुठल्या बाजूनं?"

"तुम्ही ढकलता त्याच. मला काय दुसरी बाजू माहीत आहे?"

व्याह्यांनी चिठ्ठ्या चाळल्या. "बुधवारी मी दाढी-कटिंगला गेलो होतो," ते म्हणाले. "गैरहजर. तशी नोंद आहे." आणि त्यांनी पेनाचं टोपण काढून नवी चिठ्ठी लिहिली: विहीणबाई, उजवीकडून, एक.

अठरावी फेरी टगमास्तरांनी इतक्या वेगानं घातली, की व्याह्यांचा कप खुर्चीखालून घरंगळून पाण्यात गेला. ते कपाचं त्यांनी मुद्दाम केलं की नाही, हे बायकोनंही विचारलं नाही. साखळी सुटली. नांगर ओली वाळू गाळत वर आला. बाराला नऊ मिनिटं होती आणि टगमास्तरांची बोट मोकळी होती.

पलीकडे व्याह्यांनीही आपली आखूड साखळी हातानं ओढून घेतली, कारण नोटिशीत नांगर उचला म्हटलं होतं. आता त्यांची बोट नांगराविना, इंजिनाविना, ओहोटीबरोबर हळूहळू जहाजांच्या रस्त्याकडे निघाली होती. व्याही खुर्चीत होते. घड्याळ बघत होते. त्यांना अर्जाचं उत्तर यायचं होतं.

टगमास्तरांनी बोट जवळ नेली आणि थांबवली. हाच तो क्षण, ज्याची त्यांनी आरशासमोर तयारी केली होती. त्यांनी दोराची गुंडाळी हातात घेतली, दिसेल अशी. व्याह्यांनी दोराकडे पाहिलं. मग घड्याळाकडे पाहिलं. बोट आणखी दहा हात वाहत गेली. व्याही काही बोलले नाहीत. टगमास्तरही नाहीत. बारा मागितल्याशिवाय वाजत नाहीत असं थोडंच आहे. ते आपले जवळ येत होते.

टग आता पुरता जवळ आला. त्यावरचा नवा चालक टगमास्तरांच्याच हाताखाली शिकलेला, पण दोर ताणायच्या आधी इंजिनाला झटका द्यायची खोड त्याची कधी गेली नाही. मागच्या महिन्यात त्यानं एका पडावाचा दोर बांधायचा खुंट, बुडख्याच्या लाकडासकट, उपटून आणला होता. आत्ताही तो टग आडवा आणत होता. आडवा. माझा टग, असा, नांगरटीच्या बैलासारखा. टगमास्तरांच्या हातातली गुंडाळी हातातून कधी सुटली हे त्यांना कळलंच नाही. दोर हवेत उलगडला आणि व्याह्यांच्या बरोबर मांडीवर जाऊन पडला.

एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कुणी न मागता दोर टाकला होता.

"मी दोर मागितलेला नाही," व्याही म्हणाले. "तशी नोंद करतोय."

"करा. आधी तो खुंटाला बांधा. तसा नाही, बुटाची नाडी आहे का ती? दोन वेढे, मग गाठ."

व्याह्यांनी दोन वेढे दिले आणि गाठ मारली. बाराला दोन मिनिटं असताना दोन्ही बोटी हलल्या. टगचा चालक भोंगा वाजवून काहीतरी ओरडला. टगमास्तरांनी त्याच्याकडे पाठ केली.

खाडी दीड तासावर होती. टगवाल्याला सवय असते ती अशी, की दोर लावला की पुढे एकदा बघायचं आणि मागे तीनदा. ओढल्या जाणाऱ्या बोटीवर नजर ठेवावीच लागते. ती कुठे झुकते, दोर कुठे घासतो. पुढे बघणं सोपं, ते बायकोनंही केलं असतं. तिनं सुकाणू धरलं आणि टगमास्तर मागच्या बाकावर, मागे तोंड करून बसले. साठ हात दोराच्या पलीकडे व्याही त्यांच्या बोटीच्या अगदी टोकाला खुर्चीत, इकडे तोंड करून बसले होते. एक भुवई हलत नव्हती. दीड तास हे बघत जायचं, टगमास्तरांनी मनाशी म्हटलं, ह्याचसाठी तेवीस वेळा होडीत उतरलो.

थोडं अंतर गेल्यावर व्याही उठले. त्यांनी खुर्चीवरचं सिमेंट झटकलं, खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि टगमास्तरांकडे पाठ करून बसले.

टगमास्तर त्या टकलाकडे बघत राहिले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आपण ज्याला ओढून नेतोय तो आपल्याकडे पाठ करून बसतो, हा अपमान आयुष्यात कुठल्या जहाजानं त्यांचा केला नव्हता. त्यांनी तोंड उघडलं, पण तिथे अहो-जाहोशिवाय काही सापडेना.

बायकोनं सुकाणू सोडून एकदा मागे वळून पाहिलं.

"घ्या," ती म्हणाली. "आता दिसत नाही ना तोंड? प्या चहा."